वर्षाची आवडती रिअल एल आणि ब्रुअरी कशी निवडावी: पहिल्या नोंदीपासून अंतिम यादीपर्यंत

वर्षातली आवडती रिअल एल (पिंपातच आंबत राहणारी पारंपरिक ब्रिटिश बिअर) आणि आवडती ब्रुअरी (बिअर बनवणारा कारखाना) निवडायला ब्रिटनमधले बिअरप्रेमी डिसेंबरात बसतात, आणि बहुतेक याद्या त्याच त्या कारणांनी फसतात. आठवणीवर विसंबल्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्यायलेल्या बिअर वर येतात. साडेसहा टक्के अल्कोहोलची गडद, जड पोर्टर साडेतीन टक्क्यांच्या सौम्य माइल्डशेजारी ठेवली जाते आणि अर्थातच तीच जिंकते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पबच्या तळघरातला निष्काळजीपणा ब्रुअरीच्या माथी मारला जातो.

रिअल एल ब्रुअरीतून निघते तेव्हा पुरी झालेली नसते. पिंपात जिवंत यीस्ट असतं, आंबण्याचा शेवटचा टप्पा पबच्या तळघरात पार पडतो आणि पिंप उघडल्यापासून बिअर दर दिवशी बदलत राहते. त्यामुळे बिअर कशी आहे आणि ती कशा अवस्थेत मिळाली, या दोन गोष्टी वर्षभर वेगळ्या ठेवाव्या लागतात. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

## १. नियम वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा

यादीचं वर्ष १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर धरा. जानेवारी ते डिसेंबर धरलं तर डिसेंबरातल्या हिवाळी बिअर घाईघाईत तपासल्या जातात आणि दुसऱ्यांदा चाखायला वेळ उरत नाही.

मग काय धरायचं ते ठरवा. ज्या भांड्यातून वाढली जाते त्याच भांड्यात दुसऱ्यांदा आंबलेली आणि बाहेरच्या गॅसच्या दाबाने न ढकललेली, ती रिअल एल. केग (गॅसच्या दाबावर बिअर ढकलणारं बंद पिंप), कॅन आणि पाश्चराइज्ड बाटल्या इथेच बाद होतात. रिअल एलच्या पिंपाला कास्क म्हणतात. त्यातली रिकामी होणारी जागा कमी दाबाच्या कार्बन डायऑक्साइडने भरणारा कास्क ब्रीदर वापरलेला चालेल. कॅम्रा या ग्राहक संघटनेनेही २०१८ पासून त्यावरचा आक्षेप सोडला आहे. यीस्टसह भरलेल्या बाटल्यांची यादी हवी असेल तर ती वेगळी करा, कारण नाव एक असलं तरी बिअर एक असेलच असं नाही. फुलर्स ब्रुअरीची लंडन प्राइड पिंपातून ४.१ टक्के असते आणि बाटलीत (जी यीस्टसह भरलेली नसते) ४.७.

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीतल्या एल या यादीत आणू नका. त्या साधारणपणे गॅसच्या दाबावर आणि बऱ्याच थंड वाढल्या जातात. त्यांची तुलना त्यांच्यातच व्हावी.

सावधान: बारवर हातपंप दिसला म्हणजे खाली पिंप आहेच असं समजू नका. २०२४ मध्ये कार्ल्सबर्ग मार्स्टन्स या मोठ्या बिअर कंपनीने ‘फ्रेश एल’ नावाने केगमधली बिअर हातपंपातून वाढायला सुरुवात केली आणि कॅम्राने त्याला विरोध केला. शंका आली तर बारवर सरळ विचारा: “ही कास्क आहे का?”

## २. वही तयार करा

फोनवरचं टिपण असो वा खिशातली वही, प्रत्येक बिअरसाठी हे रकाने हवेत: तारीख आणि वार, पब आणि गाव, बिअर, ब्रुअरी, अल्कोहोलचं प्रमाण, शैली, स्पार्कलर होता की नाही, ग्लासचा आकार, अवस्थेचे गुण, बिअरचे गुण आणि दोन ओळींचं वर्णन.

अल्कोहोलचं प्रमाण दर वेळी पंपावरच्या पाटीवरून उतरवून घ्या, आठवणीतून लिहू नका. ऑगस्ट २०२३ पासून ३.५ टक्क्यांखालच्या बिअरला कर कमी लागतो, म्हणून बऱ्याच ब्रुअऱ्यांनी आपल्या हलक्या बिअर ३.४ टक्क्यांवर आणल्या. नाव तेच राहतं, बिअर मात्र बदललेली असते. अशी बिअर नवी म्हणून नोंदवा.

स्पार्कलर म्हणजे नळीच्या टोकाला बसवलेली बारीक छिद्रांची टोपी. ती बिअरमधला गॅस फेसात ओढून आणते. फेस दाट होतो, बिअर मऊ लागते आणि कडवटपणा जरा दबतो. उत्तर इंग्लंडमध्ये हीच रीत, दक्षिणेत सहसा नाही. लूइस गावच्या हार्वीज ब्रुअरीची ससेक्स बेस्ट स्पार्कलरमधून आणि त्याच्याशिवाय इतकी वेगळी लागते की दोन्ही नोंदी एकत्र केल्या तर आकड्यांना अर्थ राहत नाही.

तपासणी: वर्णनात ‘छान’, ‘मस्त’, ‘एकदम स्मूद’ एवढंच असेल तर ती नोंद नोव्हेंबरात काही सांगणार नाही. ‘संत्र्याच्या सालीचा वास, मधे बिस्किटासारखा माल्ट, शेवटी कोरडा कडवटपणा बराच वेळ’ असं लिहा. (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव.)

## ३. पब आणि वेळ निवडा

चव घेण्याआधीच निम्मं काम इथे होतं. नेहमीचं फर्किन पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंटचं असतं (एक पाइंट ५६८ मिलीलिटरचा). उघडल्यावर ते साधारण तीन दिवसांत संपायला हवं. दिवसाला २४ पाइंट झाले. आठ हातपंप असलेल्या पबला रोज १९२ पाइंट कास्क खपवावी लागेल. मंगळवारी संध्याकाळी तिथे दहा माणसं बसलेली दिसली, तर त्या आठांपैकी काही पिंपं नक्कीच म्हातारी आहेत. तीन पंप आणि भरपूर गिऱ्हाईक असलेला पब नोंदीसाठी जास्त भरवशाचा.

पब उघडताच पहिला ग्लास घेऊन गुण देऊ नका. रात्रभर नळीत आणि पंपात राहिलेली बिअर तुमच्या ग्लासात येते. त्या पंपातून आज कोणी प्यायलंय का, एवढं विचारलं तरी पुरे.

जेवण आणि तोंडाची चव यांचाही विचार करा. तिखट रस्सा, लसणाची चटणी, पान, कॉफी किंवा नुकतीच लावलेली टूथपेस्ट यांच्यानंतर किमान तासभर थांबा. तिखटाने जीभ हुळहुळलेली असताना हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा अंगावर येतो आणि माल्टची बारीक चव लागतच नाही. मधे साधा पाव आणि पाणी.

शाकाहारी वाचकांसाठी महत्त्वाचं: पिंपातली बिअर नितळ करायला परंपरेने आयसिंग्लास घालतात आणि ते माशाच्या वायुपिशवीपासून बनतं. ते चालत नसेल तर ‘व्हीगन’ किंवा ‘अनफाइन्ड’ लिहिलेली बिअर शोधा. अशी बिअर थोडी धुकट असू शकते आणि तो तिचा दोष नाही.

## ४. एका बैठकीतला क्रम आणि प्रमाण

हलक्यापासून जडाकडे जा: आधी माइल्ड आणि साधी बिटर (ब्रिटनमधली रोजची, जरा कडवट एल), मग गोल्डन आणि पेल, त्यानंतर आयपीए (इंडिया पेल एल), शेवटी स्टाउट, पोर्टर आणि बार्ली वाइन. थॉर्नब्रिज ब्रुअरीची ५.९ टक्क्यांची जयपूर आधी घेतली तर तिच्यामागून आलेली ३.८ टक्क्यांची बिटर पाणचट वाटेल. दोष क्रमाचा, शिक्षा बिटरला.

पाइंटचा तिसरा हिस्सा म्हणजे १८९ मिलीलिटर आणि अर्धा पाइंट २८४. पहिल्या ओळखीला तिसरा हिस्सा पुरतो. पण अंतिम गुणांसाठी किमान अर्धा पाइंट हवा, कारण कडवटपणा घोटागणिक साचत जातो. काही बिअर पहिल्या तीन घोटांत झगमगतात आणि अर्ध्यावर नकोशा होतात, तर चांगली बिटर नेमकी उलटी वागते. नुसत्या नमुन्यावरून दिलेले गुण बिटरवर नेहमी अन्याय करतात.

एका बैठकीत सहा तिसऱ्या हिश्श्यांच्या पुढे जाऊ नका. चार टक्क्यांच्या बिअरचे सहा हिस्से साधारण साडेचार युनिट (अल्कोहोल मोजायचं ब्रिटिश माप) होतात. ब्रिटनमधला आरोग्याचा सल्ला आठवड्याला १४ युनिटांच्या आत राहण्याचा आहे. सहाव्यानंतर जिभेवरही भरवसा ठेवता येत नाही. गाडी घरी ठेवा.

## ५. ग्लास हातात आल्यावर

१. ग्लासला हात लावून पाहा. तळघर ११ ते १३ अंश सेल्सियसला असावं लागतं. ग्लास बर्फासारखा गार असेल तर वास बंद राहतो. पाच मिनिटं थांबा. कोमट असेल तर तशी नोंद करा आणि अवस्थेचे गुण कापा.

२. उजेडात धरा. आयसिंग्लास घातलेली बिअर नितळ दिसली पाहिजे.

३. ग्लास हलकेच फिरवा आणि लगेच वास घ्या. पहिला वास सगळ्यात खरा असतो, नाक तिसऱ्या-चौथ्या श्वासाला सरावतं.

४. मोठा घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरू द्या आणि गिळा. बिअर थुंकून चाखता येत नाही, कारण शेवटचा कडवटपणा जिभेच्या मागे आणि घशाशी कळतो.

५. अर्धा मिनिट काही पिऊ नका. मागे काय उरतं ते लिहा.

६. ग्लास अर्धा झाल्यावर पुन्हा वास घ्या आणि मगच गुण द्या.

## ६. दोष कुणाचा: ब्रुअरीचा की तळघराचा?

बहुतेक याद्या इथेच बिघडतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

व्हिनेगरसारखा आंबट झोंबरा वास जवळजवळ नेहमी पबचा असतो. पिंपातून बिअर निघते तशी आत हवा शिरते, हवेवर जगणारे जंतू अल्कोहोलचं आम्ल करतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते जाणवू लागतं. सपाट, बेजान बिअरही बहुधा पबचीच. पिंपाच्या वरच्या छिद्रातली घट्ट खुंटी रात्री परत बसवली नाही की गॅस निघून जातो. हे दोन दोष दिसले तर बिअरला गुण देऊच नका, फक्त अवस्थेचे लिहा.

उकडलेल्या मक्याचा वास मात्र ब्रुअरीकडेच बोट दाखवतो. तो माल्टमधून येतो. कढाईतली उकळी पुरेशी जोरात नव्हती किंवा नंतर थंड करायला वेळ लागला की तो मागे राहतो. तळघरात तो तयार होत नाही.

लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास फसवा आहे. आंबवताना यीस्ट तो पदार्थ बनवतं आणि पुरेसा वेळ मिळाला तर परत शोषूनही घेतं. ब्रुअरीने घाई केली की तो उरतो. पण तोच पदार्थ अस्वच्छ नळ्यांतले जंतूही बनवतात. दुसऱ्या पबात तीच बिअर घेतल्याशिवाय निकाल देऊ नका. शिवाय काही जुन्या वळणाच्या ब्रिटिश बिटरमध्ये त्याची अगदी हलकी छटा मान्य आहे. ती दोषात धरू नका.

हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची. कीथली गावच्या टिमथी टेलर ब्रुअरीची लँडलॉर्ड याचं नेहमीचं उदाहरण. ती पिंपात जोमाने आंबते आणि तळघरात पुरेसे दिवस मुरू द्यावी लागते. घाईने पंपाला जोडली की अढीतून लवकर काढलेल्या आंब्यासारखी तुरट आणि बंद लागते. लँडलॉर्ड आवडत नाही म्हणणाऱ्या अनेकांनी ती मुरलेली प्यायलेलीच नसते.

ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअर शिळी झाली किंवा तिला हवा लागली. लवंगेचा वास ब्रिटिश एलमध्ये बहुधा रानटी यीस्टचा. दवाखान्यातल्या जंतुनाशकाची आठवण करून देणारी चव क्लोरीनमुळे येते. ते क्लोरीन ब्रुअरीच्या पाण्यातलं असेल, नळ्या धुतलेल्या रसायनाचं असेल किंवा नीट न विसळलेल्या ग्लासाचंही असेल. आधी ग्लास बदलून मागा.

नियम: मक्याच्या वासासारखा उघड ब्रुअरीचा दोष सोडला, तर एका पबात दिसलेला दोष पबचा समजा. तोच दोष दोन वेगळ्या पबांत, वेगळ्या आठवड्यांत दिसला तर ब्रुअरीच्या नावावर लिहा.

बिअर बिघडलेली असेल तर दोन घोटांनंतर शांतपणे परत करा. ग्लास तीन चतुर्थांश संपवून तक्रार केलीत तर कोणी मनावर घेणार नाही.

## ७. गुण दोन वेगळ्या रकान्यांत द्या

अवस्थेसाठी कॅम्राची राष्ट्रीय गुणपद्धत वापरा. ० म्हणजे पिण्यालायक नाही, १ खराब, २ साधारण, ३ चांगली, ४ खूप चांगली, ५ निर्दोष. अर्धा गुण चालतो. हे गुण बिअर कशी ठेवली आणि वाढली याचे आहेत, तुमच्या आवडीचे नाहीत. न आवडणाऱ्या बिअरलाही ४ मिळू शकतात आणि तसे देण्याची सवय लावून घ्या.

बिअरचे गुण २० पैकी: वास ४, चव ६, तोल ४, शेवटची चव ३, आणि ‘लगेच दुसरा ग्लास घ्यावासा वाटतो का’ याला ३.

अवस्थेला ३ पेक्षा कमी मिळाले तर त्या दिवसाचे बिअरचे गुण मोजणीत धरायचे नाहीत. हा एकच नियम कडकपणे पाळला तरी यादी निम्मी सुधारते.

नेहमीची चूक: आधी ॲपवरचे इतरांचे तारे पाहणं. तिथे बाटली, कॅन, केग आणि कास्क बऱ्याचदा एकाच नावाखाली जमा होतात. गुण लिहून झाल्यावर पाहा, आधी नको.

## ८. गट पाडा

किमान पाच गट करा: माइल्ड आणि ब्राउन; बिटर; गोल्डन आणि पेल; आयपीए; स्टाउट, पोर्टर आणि जड एल. बिटर आणि पेल या गटांत ४.३ टक्क्यांपर्यंतच्या एका बाजूला, त्यावरच्या दुसऱ्या बाजूला. फळ, मसाला किंवा कॉफी घातलेल्या बिअर सहाव्या गटात. टायटॅनिकची प्लम पोर्टर तिथे बसते, एलंडची १८७२ पोर्टर पाचव्यात.

माइल्डकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. ती फार पबांत मिळत नाही, पण मे महिन्यात कॅम्राच्या प्रचारामुळे शोधणं सोपं जातं. ताज्या, न वाळवलेल्या हॉप्सच्या बिअर काढणीनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि लगेच संपतात. हार्वीजची ओल्ड एल थंडीतच भेटते. अशा हंगामी बिअरसाठी वहीत महिन्यांचं एक पान आधीच करून ठेवा.

## ९. ऑक्टोबरात छाटणी, नोव्हेंबरात फेरचाखणी

अंतिम यादीसाठी बिअर किमान तीन वेळा, किमान दोन पबांत, अवस्था ३ किंवा वर असताना प्यायलेली असावी. तीन गुणांपैकी मधला आकडा घ्या, सरासरी नको. सरासरीत एखादं विशेष चांगलं किंवा वाईट पिंप सगळं ओढून नेतं. फारच थोड्या दिवसांची हंगामी बिअर असेल तर दोनदा चालेल, पण यादीत तसं नमूद करा.

बिअर महोत्सवातली नोंद फक्त ओळखीपुरती. तिथे बिअर बहुधा पिंपाच्या तोटीतून थेट येते, हॉल तापतो, आणि आठव्या नमुन्यानंतरचे गुण कुणाचेच खरे नसतात.

प्रत्येक गटात तीन बिअर उरवा आणि शक्य झालं तर नाव न कळता चाखा. एकाने बारवरून क्रमांक लावलेले ग्लास आणायचे, बाकीच्यांनी बोलायचं नाही, लिहायचं. दोन बिअर अगदी सारख्या वाटत असतील तर तीन ग्लास ठेवा, दोन एकीचे आणि एक दुसरीचा. वेगळा ग्लास ओळखता आला नाही तर त्या दोघींत वर-खाली करू नका, बरोबरी द्या.

घरी न्यायची असेल तर भांडं काठोकाठ भरून घ्या, १२ अंशांच्या आसपास ठेवा आणि त्याच संध्याकाळी संपवा. दुसऱ्या दिवशी ती वेगळी बिअर असते.

## १०. ब्रुअरीची निवड वेगळ्या मोजमापाने

सर्वोत्तम बिअर बनवणारी ब्रुअरी हीच सर्वोत्तम ब्रुअरी, हा हिशेब चुकीचा आहे. एक अप्रतिम स्टाउट आणि चार ढिसाळ पेल बनवणारी ब्रुअरी वर्षाची ब्रुअरी होऊ शकत नाही.

पात्रतेसाठी किमान चार बिअर, दोन गट आणि तीन पब. त्यांत ब्रुअरीची बारमाही बिअर हवीच. स्वतःच्या टॅपरूममधल्या (ब्रुअरीतल्याच बारमधल्या) नोंदी एक तृतीयांशाहून जास्त नकोत, कारण तिथे पिंप ताजं असतं आणि ते हाताळणारे बनवणारेच असतात. खरी परीक्षा शंभर मैलांवरच्या पबात होते.

मग तीन गोष्टी पाहा. पहिली, सातत्य: तिच्या सर्वांत वरच्या आणि खालच्या बिअरमधलं अंतर. २० पैकी १७ ते १५ मध्ये राहणारी ब्रुअरी १९ ते १० मध्ये झुलणारीपेक्षा चांगली. याला सगळ्यात जास्त वजन द्या, निम्मं तरी. दुसरी, पाटीवरची माहिती: प्रमाण, शैली, व्हीगन आहे की नाही. तिसरी, त्या वर्षातलं काम. २०२४ मध्ये कार्ल्सबर्ग मार्स्टन्सने बर्टन युनियन ही लाकडी पिंपांच्या संचात आंबवायची जुनी पद्धत बंद करायचं ठरवलं, तेव्हा थॉर्नब्रिजने त्यातला एक संच बेकवेलच्या आपल्या ब्रुअरीत नेऊन चालवला. अशा कामाची दखल घ्यावी, पण त्यापायी ग्लासातल्या बिअरचे गुण वाढवू नयेत.

तपासणी: पाटीवरचं नाव आणि प्रत्यक्ष बनवणारा एकच आहे का ते पाहा. फुलर्सची ब्रुअरी २०१९ पासून ‘असाही’ या जपानी कंपनीकडे आहे, फुलर्सचे पब मात्र वेगळ्या कंपनीचे राहिले. फक्त स्वतंत्र ब्रुअऱ्याच घ्यायच्या असतील तर मालकी नोव्हेंबरात पुन्हा तपासा. वर्षभरात विक्री झालेली असू शकते.

## ११. गटाने मतं मोजताना

लंडन, लेस्टर आणि लीड्समधल्या मित्रांनी वेगवेगळ्या बिअर प्यायलेल्या असतात. नुसती मतं मोजली तर सगळीकडे मिळणारी बिअर जिंकते, कारण ती सगळ्यांनी प्यायलेली असते. म्हणून किमान तिघांनी पात्र नोंद केलेल्या बिअरच धरा आणि ज्यांनी ती प्यायली त्यांच्याच गुणांचा मधला आकडा घ्या. न प्यायलेल्याने शून्य देऊ नये, त्याचा रकाना कोरा राहू द्या.

प्रत्येकाने गुण चर्चेआधी पाठवावेत. चर्चा सुरू झाली की सगळ्यात जाणकार समजल्या जाणाऱ्याकडे बाकीचे झुकतात.

बरोबरी झाली तर कमी अल्कोहोलची बिअर वर ठेवा. साडेतीन टक्क्यांत भरपूर चव आणणं जास्त अवघड आहे.

यादी लिहिताना प्रत्येक बिअरपुढे प्रमाण, गट, किती नोंदी, कोणत्या पबांत आणि कोणत्या महिन्यांत ते द्या. स्पार्कलरचा उल्लेखही ठेवा. आणि पाठवण्याआधी ब्रुअरीकडे एकदा विचारा की ती बिअर अजून पिंपात भरली जाते का.